कवच, कंबर आणि काटा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, त्यामुळे उत्तरही जरा लांबलंय. तुमचं म्हणणं असं: मुली आधीच आरशापुढे उभ्या राहून स्वतःला नावं ठेवतात, त्यात माझ्या लेखात 'चरबीने रक्तवाहिन्या बिघडतात' असं लिहून मी आगीत तेल ओतलं. शिवाय तुमच्या बावीस वर्षांच्या लेकीच्या रक्तवाहिन्यांना इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचं कवच आहे, मग ही चिंता आत्ताच कशाला?

कवचाचं आधी. त्यात तथ्य आहे, आणि त्याला आधारही आहे. अपघात वगैरेंत दगावलेल्या 15 ते 34 वयाच्या व्यक्तींच्या धमन्या तपासणारा 'पीडीएवाय' नावाचा मोठा अमेरिकी अभ्यास आहे. त्याच्या 2002 सालच्या निष्कर्षांत लठ्ठपणा आणि हृदयाच्या धमन्यांमध्ये साचणारे चरबीचे थर यांचा संबंध तरुण पुरुषांत स्पष्ट दिसला, तरुण स्त्रियांत तसा दिसला नाही. पण थर साचणं ही पुढची पायरी. त्याच्या बरंच आधी धमनीच्या आतल्या अस्तराचं काम मंदावतं, आणि माझा लेख या अस्तराबद्दल होता.

हे अस्तर म्हणजे पेशींचा जेमतेम एक पदर. 1980 साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीवरच्या प्रयोगांतून दाखवलं की अस्तर खरवडलं गेलं, तर असिटिलकोलीन हे धमनी सैलावणारं रसायन देऊनही धमनी सैलावत नाही. अस्तरातून सुटणारा तो सैलावणारा पदार्थ पुढे नायट्रिक ऑक्साइड निघाला. 1998 चं नोबेल या शोधमालिकेला मिळालं. इस्ट्रोजेन याच नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती वाढवतं. तुम्ही म्हणता ते कवच बरंचसं हेच.

अस्तराचं काम मोजतात कसं, हे सांगायला हवं. हाताला बीपीसारखा पट्टा बांधून पाच मिनिटं रक्तपुरवठा अडवतात, मग झटकन सोडतात. रक्ताचा लोंढा आला की दंडातली धमनी मिनिटभरात किंचित रुंदावते, आणि ते सोनोग्राफीवर दिसतं. धमनी मुळात तीन-चार मिलिमीटरची, फरक मिलिमीटरच्या एखाद-दोन दशांशांचा. म्हणजे मोजणाऱ्याचा हात जरा हलला की आकडा गेला! त्यातच पाळीच्या कोणत्या दिवसांत मोजलं यावरही तो बदलू शकतो. म्हणून अशा एखाद्या लहानशा अभ्यासावरून 'जाड मुलींच्या धमन्या म्हाताऱ्या' असा मथळा कुणी दिला, तर तुमच्याइतकाच मीही वैतागतो.

आता चरबी. सगळी चरबी एका माळेची नाही. मांड्या-नितंबांवरची चरबी बऱ्यापैकी निरुपद्रवी. मुलींना सगळ्यात जास्त खुपते ती नेमकी हीच, हा भाग वेगळा. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठणारी चरबी मात्र उपद्रवी. तिच्यातून दाह वाढवणारी द्रव्यं निघतात, इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, आणि अस्तराला नायट्रिक ऑक्साइड पुरेसं तयार करता येत नाही. पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा विकार) असलेल्या मुलींनी इकडे जास्त लक्ष द्यावं. ही चरबी वजनकाट्यावर कळत नाही. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी नॉर्मल असलेल्या मुलीतही ती असू शकते.

आणि उपासमारीने अस्तर सुधारतं, असं कुणी समजू नये. अति व्यायाम आणि अपुरं खाणं यांमुळे पाळी थांबलेल्या खेळाडू मुलींमध्ये धमनीचं हेच रुंदावणं कमी झालेलं आढळलं आहे. चरबी फार घटली, इस्ट्रोजेन उतरलं, की कवचही गेलं. तुमची भीती रास्तच आहे, म्हणून माझ्या लेखात 'इतके किलो कमी करा' हे वाक्य कुठेच नव्हतं. पुन्हा बघा हवं तर.

नियमित व्यायामाने रक्त वेगाने वाहतं, वाहत्या रक्ताचं घर्षण अस्तराला चेतवतं, आणि वजन तसूभर उतरलं नाही तरी अस्तराचं काम सुधारू शकतं. उलट तासन्‌तास बसून राहिलं की पायांतल्या धमन्यांचा प्रतिसाद मंदावतो. मधेमधे उठून चालल्याने तो टिकतो.

लेकीची ती पट्ट्याची तपासणी करून घ्यावी का, असं शेवटी विचारलंय. नको. ती संशोधनासाठी ठीक आहे. तिचं बीपी एकदा बघा. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल किंवा पाळी अनियमित असेल, तर डॉक्टरांना विचारून साखर आणि कोलेस्टेरॉलही तपासा. पाळी सलग तीन महिने आली नाही, तर वजन कितीही असो, डॉक्टरांकडे न्या.