सात नंबरला पाणी

गेल्या शनिवारी आमच्या हॉटेलला गुगलवर एक स्टार पडला. 'मालक उद्धट. पैसे मोजायला तयार असताना दारू दिली नाही. गिऱ्हाइकाला हाकलतात.' वाचून वाईट वाटलं, खोटं का सांगू. उद्धटपणा माझ्याकडून झाला असेल तर माफी मागतो. हाकललं मात्र नाही, आणि दारू दिली नाही हे शंभर टक्के खरं आहे. चार साठ, म्हणजे साठ मिलीचे चार मोठे पेग, झाल्यावर पाचवा द्यायला मीच नको म्हणालो. का म्हणालो ते तिथं दोन ओळींत मावणार नाही, म्हणून इथं लिहितोय.

वडिलांनी कराडात खानावळ काढली, पुढं परमिट रूमचं लायसन्स घेतलं. ते गल्ल्यामागं भिंतीवर लावलेलं असतं. वडील म्हणायचे, त्याच्याकडं पाठ करून बसतोस म्हणून विसरू नकोस. ज्या कायद्याखाली आम्ही दारू विकतो त्या कायद्याचं नावच मुळात महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम आहे, १९४९ चा. म्हणजे नियम बंदीचा, आणि आमचं एफएल-३, म्हणजे परमिट रूमचं लायसन्स, ही त्या बंदीतून दिलेली सूट. विकणाऱ्यालाच नाही, पिणाऱ्यालाही परवाना लागतो. पाच रुपयांचा, एक दिवसाचा. कित्येकांनी तो आयुष्यात बघितलेला नसतो.

या पाच रुपयांच्या चिठ्ठीबद्दल माझं ठाम मत आहे. आमच्याकडंही वर्षानुवर्षं तो नुसता कागदी सोपस्कार होता. रात्री हिशेब झाला की पोरं बसून चिठ्ठ्या भरायची. पण नीट बघा, ती चिठ्ठी फाडायची तर माणसाचं नाव विचारावं लागतं, वय विचारावं लागतं, तोंडाकडं बघावं लागतं. महाराष्ट्रात बिअरला एकवीस आणि व्हिस्की-रमला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. गोव्यात अठरा, म्हणून पोरांना वाटतं सगळीकडं अठराच. ही चिठ्ठी टेबलावर पहिली बाटली यायच्या आधी फाडली, तर वयाची भानगड तिथंच मिटते. आता आम्ही तशीच फाडतो. आधार दाखवा, जन्मतारीख दाखवा, मग ऑर्डर. मागच्या जूनमध्ये इंजिनिअरिंगची सात पोरं आली, त्यातला एकच पंचविशीचा. तो म्हणाला, "काका, ऑर्डर माझ्या नावावर घ्या, बाकीचे नुसतं चायनीज खातील." मी म्हणालो, चायनीज फॅमिली सेक्शनला बसून खा, एसी तिथंपण आहे. गेली उठून. जाऊ देत.

१९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सतरा वर्षांचा मुलगा गाडी चालवत होता, त्याच्या गाडीनं उडवलेले दोन तरुण इंजिनिअर गेले. त्या प्रकरणात अल्पवयीन मुलाला दारू दिली म्हणून बारच्या मालक आणि मॅनेजर लोकांनाही अटक झाली. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये अठराच्या आतल्या मुलाला दारू दिल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. आमच्या धंद्यातली माणसं तेव्हा आपसात म्हणत होती, पोरगं दाढीवालं असलं तर आम्हाला वय कळणार कसं? अहो, विचारायचं! त्यासाठीच ती चिठ्ठी आहे ना.

वयाचा प्रश्न तरी सोपा, कागदावर आकडा असतो. अवघड आहे ते टेबलावरच्या माणसाला थांबवणं.

२०१७ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं हायवेपासून पाचशे मीटरच्या आतली दारू दुकानं बंद झाली. आम्ही त्यात होतो. नगरपालिका हद्दीतल्यांना पुढं मुभा मिळाली, पण मधले काही महिने नुसत्या जेवणावर काढले. तांबडा-पांढरा, सुकं मटण, भाकरी. कर्ज झालं, दोन माणसं कमी करावी लागली. तेव्हा मी तावातावानं बोलायचो की पाचशे मीटर मोजून काय होणार, पिणारा सहाशे मीटरवर गाडी घेऊन जाईलच की. ते आजही मला पटतं. पण त्याची दुसरी बाजू माझ्या डोक्यात तेव्हा आली नव्हती. अंतर मोजून अपघात थांबत नसेल, तर मग थांबवायचा कुणी?

ते पुढच्या वर्षी कळलं. आमचं एक नेहमीचं गिऱ्हाईक, चाळिशीचा माणूस, कधी आवाज न चढवणारा. त्या रात्री एकटाच बसला होता. निघताना जरा झोकांडी गेली, पोरांनी हात दिला, गाडीला किकही मारून दिली. पुलाच्या अलीकडं दुभाजकाला धडकला. जीव वाचला, पाय कामातून गेला तो गेलाच, गुडघ्यात आजही वाकत नाही.

आठवड्यानं त्याची बायको आली. मला वाटलं भांडायला आली. तिनं पर्समधून घडी घातलेली आमची बिलं काढली. आमच्याकडं बिलं दोन निघतात, कारण जेवणाला जीएसटी आणि दारूला व्हॅट. तिनं दोन्ही काउंटरवर ठेवली, दारूचं बिल माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाली, "दादा, हे तुमच्याकडंच ठेवा. घरात नको मला." जेवणाचं घेऊन गेली. त्यावर एक मटण थाळी होती, तीपण अर्धीच खाल्लेली, मला आठवत होतं.

दारूच्या बिलावर सहा साठ. कॉम्प्युटरमध्ये बघितलं तर पहिली ऑर्डर आठ दहाची, शेवटची दहा पंचावन्नची. ती शेवटची ऑर्डर मी काउंटरवरून ओरडून सांगितली होती, "शेठना रिपीट दे रे." बिल अजून गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात आहे.

हिशेब साधा आहे, पण मालक लोकांना कुणी शिकवत नाही. तीस मिली व्हिस्की, ४२.८ टक्क्यांची, म्हणजे साधारण दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. माणसाचं यकृत तासाला साधारण तेवढंच निपटतं. चार साठ म्हणजे आठ लहान पेग, आठ तासांचं काम. लिंबूपाण्यानं, कॉफीनं, तोंडावर पाणी मारून त्यातला एक तासही कमी होत नाही. पोटात अन्न असलं तर चढायला वेळ लागतो एवढंच. गाडी चालवायची कायद्यातली मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल आहे. तासाभरात दोन साठ घेतले तरी बहुतेकांच्या रक्तातलं प्रमाण त्याच्या वर जातं. "मला काही होत नाही, सवय आहे" असं म्हणणाऱ्याला खरोखरच काही वाटत नसतं. रक्तातलं प्रमाण मात्र तेवढंच असतं.

आता पोरांवर सोडलं तर काय होतं? वेटरचा पगार किती आणि टिप किती, हे हॉटेलवाल्याला सांगायला नको. टिप बिलावर अवलंबून. पेग वाढला की बिल वाढलं, बिल वाढलं की टिप वाढली. त्या पोरानं कुणाच्या जिवावर गिऱ्हाइकाला 'बास करा साहेब' म्हणायचं? वर शिव्या खायच्या, कधी कानाखालीसुद्धा. आणि मालक काउंटरवरून 'रिपीट दे' म्हणून ओरडतोय. माझं म्हणणं एवढंच आहे की नाही म्हणायची किंमत मालकानं मोजली पाहिजे. नुसत्या पाट्या लावून वेटरला पुढं ढकलणं ही जबाबदारी नव्हे.

म्हणून आम्ही काही गोष्टी बदलल्या. टिप आता एका डब्यात जाते, सगळ्यांत सारखी वाटली जाते. एखाद्या टेबलाला थांबवलं तर हॉटेलकडून त्या डब्यात शंभर रुपये पडतात. पोराला काही समजावत बसायचं नाही; त्यानं काउंटरकडं बघून फक्त म्हणायचं, "सात नंबरला पाणी." ते ऐकलं की मी उठतो. गरम भाकरी आणि रस्सा घेऊन मीच जातो, शेजारी बसतो, बोलतो. दहातली आठ माणसं ऐकतात, कारण त्यांनाही आतून कुणीतरी थांबवावं असं वाटत असतं. चखण्यात खारे शेंगदाणे आणि फरसाण बंद केलं; खारट खाल्लं की तहान लागते, तहान लागली की ग्लास उचलला जातो. आता उकडलेल्या शेंगा, अंडी, काकडी. बारमनला पेग मापानंच भरायचा हुकूम आहे. ओळखीच्याला 'जरा सांडून' भरणं हे प्रेम नाही, त्यानं किती घेतली हे त्यालाही कळत नाही आणि आम्हालाही.

गाडीची किल्ली काउंटरला ठेवली तर स्टँडवरच्या ठरलेल्या रिक्षानं घरी सोडतो, निम्मं भाडं आमचं. गाडी मागच्या शेडमध्ये, रात्रभर वॉचमन. महिन्याला यात किती जातात ते मी वहीत लिहितो आणि ते पैसे मला लागतात, श्रीमंत नाही मी. लायसन्सची फी लाखांत आहे, ३१ मार्च आला की पोटात गोळा येतो. आणि तिकडं हायवेला विनापरवाना ढाबे टेबलाखालून क्वार्टर देतात, ना फी, ना व्हॅट, ना वय विचारायची कटकट. त्यावर कारवाई झाली पाहिजे, हे मी जाहीरपणे म्हणतो. पण ढाबेवाला काय करतो यावर माझ्या सात नंबरचा पेग ठरू शकत नाही.

काही जण म्हणतात, एवढं वाटतं तर दारूच बंद कर. विचार केला नाही असं नाही. पण माणसं बसायची थांबणार नाहीत, ती कुठंतरी बसणारच. ओढ्याकाठी गाडीच्या टपावर बाटली ठेवून बसण्यापेक्षा आमच्याकडं उजेडात बसावीत, समोर ताट असावं, आणि त्यांच्याकडं बघणारं कुणीतरी असावं, असं मला मनापासून वाटतं. वडिलांनी खानावळ काढली तेव्हा जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारायचे, "पोट भरलं का?" तीच नजर पिणाऱ्यावरही पाहिजे.

तर एक स्टार देणाऱ्या दादांनो, तुमच्यावर माझा राग नाही. त्या रात्री तुम्ही किल्ली आपटलीत, तीही मी उचलून ठेवली आहे. तुमची काळी शाईन बाइक शेडमध्ये आहे, पाऊस लागू नये म्हणून ताडपत्री टाकलीय. हेल्मेट हँडलला अडकवलंय. आम्ही सकाळी नऊला उघडतो. मी नसलो तरी पोरं देतील.