ग्रेगोर आधीच परका होता

फ्रान्झ काफ्काच्या ‘मेटामॉर्फोसिस’ (१९१५) या दीर्घकथेवरचा लेख मनापासून आवडला. पण कथेतला ग्रेगोर साम्सा एका सकाळी किडा झाला आणि त्याच सकाळी घराला परका झाला, हे लेखातलं म्हणणं पटत नाही. माणसातून तो आधीच उठला होता. फिरतीची नोकरी, पहाटे पाचची गाडी, डोक्यावर आईवडिलांचं कर्ज. पगार घरात आणण्याचं कौतुकही कधीच आटलेलं. अंगाचा किडा झालाय हे दिसत असूनही त्याला घोर लागतो तो गाडी चुकल्याचा!

खरी कालवाकालव होते ती खोलीतलं सामान हलवतात तेव्हा. बहिणीचा हेतू चांगला आहे, त्याला भिंतींवर सरपटायला मोकळी जागा मिळावी. अडखळते ती आई. सामान काढलं तर आपण त्याची आशा सोडली असं त्याला वाटेल, म्हणते. ते ऐकून तो भानावर येतो आणि मासिकातून कापून स्वतः चौकट केलेल्या त्या फरवाल्या बाईच्या चित्राला अंगाने चिकटून बसतो. वडिलांनी मारलेलं सफरचंद पाठीत रुततं, त्याची चर्चा जास्त होते. मला हे चित्र कवटाळणंच जास्त लागतं.

या बहिणीला, ग्रेटेला मात्र लेखात एकाच वाक्यात निपटलंय. भावाला काय रुचेल म्हणून जुन्या वर्तमानपत्रावर शिळी भाजी, हाडं, चीज मांडून ठेवणारी हीच मुलगी पुढे ‘याला घालवलंच पाहिजे’ म्हणते. तिच्यातला हा बदल कसकसा होत गेला, त्यावर सविस्तर वाचायला आवडेल.