कॅमेरा लावला म्हणून घराचं परीक्षा केंद्र होत नाही

हिवाळी परीक्षा जवळ आल्या की आम्हा प्राध्यापकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. यंदाही आला, चार ग्रुपांवरून आला. मजकूर थोडक्यात असा: ‘खेड्यातल्या विद्यार्थ्यांनी घरूनच कॅमेऱ्यासमोर परीक्षा द्यावी. मोबाईल आता प्रत्येकाच्या हातात आहे. एआय नजर ठेवतं, त्यामुळे कॉपी अशक्य. येण्याजाण्याचा खर्च वाचतो. आणि ज्याला काही लपवायचं नाही, त्याने कॅमेऱ्याला का घाबरावं?’

मी वर्धा-यवतमाळच्या सीमेवरच्या एका गावात बी.ए.च्या मुलांना शिकवतो. २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही, आणि त्या ऑक्टोबरात ऑनलाइन परीक्षा झाल्या. तेव्हा आमच्या महाविद्यालयाचा मदतीचा फोन माझ्याकडे होता. पुढच्या वर्षी आम्ही कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली एक चाचणीही घेऊन पाहिली. त्यामुळे या मेसेजला ‘लाइक’चा अंगठा देऊन पुढे जाणं मला जमत नाही.

आधी मोबाईलचं बघू. आमच्याकडे मोबाईल घराचा असतो, एकट्या मुलाचा नसतो. बाप वावरात जाताना तो खिशात घालून जातो. पेपर दुपारी असला तर पोरगी आदल्या रात्रीपासून ‘उद्या फोन ठेवून जा’ म्हणून मागे लागलेली असते. शिवाय देखरेखीची बरीचशी सॉफ्टवेअर मुळात वेबकॅम असलेल्या संगणकासाठी बनलेली आहेत, आणि २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्क्यांकडेच संगणक होता.

आता डेटाचा हिशोब करा. ५०० केबीपीएसचा साधा व्हिडिओ तासाला सव्वादोनशे एमबी खातो, दोन तासांच्या पेपरला साडेचारशे. रोजच्या दीड जीबीत हे बसतं, म्हणून लोकांना वाटतं प्रश्न मिटला. पण हा व्हिडिओ मुलाकडून वर जायचा असतो, आणि गावच्या टॉवरवर तोच वेग सगळ्यात कमी मिळतो. यूट्यूब चालतं म्हणून कॅमेऱ्याखालचा पेपर चालेल, असं होत नाही. रेंज एका दांडीवर आली की चित्र गोठतं, आणि चित्र गोठलं की सॉफ्टवेअर लिहितं ‘विद्यार्थी जागेवर नाही’. लाइट गेली, वायफाय बंद पडलं, तरी नोंद तीच.

‘कॉपी अशक्य’ या दाव्यावर मात्र थांबून बोलायला हवं, कारण सगळा मेसेज त्याच्यावरच उभा आहे.

आमच्या चाचणीत दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीच्या अहवालात पानभर लाल खुणा आल्या: नजर हलली, दुसरा चेहरा दिसला, बोलण्याचा आवाज आला. अहवालावर विश्वास ठेवला असता तर तिच्यावर गैरमार्गाचं प्रकरण झालं असतं. मी रेकॉर्डिंग बघत बसलो. आत रेंज नाही म्हणून ती ओसरीत बसली होती. सोयाबीनचे दिवस, शेजारच्या अंगणात थ्रेशर चालू. तो झाला आवाज. आजी पाण्याचा गडवा ठेवून गेली, तो दुसरा चेहरा. ऊन सरकत होतं तसतशी मुलगी वहीसकट भिंतीकडे सरकत होती, ती झाली हललेली नजर. संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज रडवेला. ‘सर, मी कुठीच नाही पाहून राहिली होती. तोंडावर ऊन आलं म्हून सरकली.’

त्याच चाचणीत दोन मुलांचे अहवाल कोरे होते, एकही खूण नाही. दोघांनीही १८५३ च्या वऱ्हाड कराराचं साल १८३५ लिहिलं होतं, आणि पुढची तीन वाक्यं शब्दाला शब्द सारखी. दोघांच्या घरी वेगळी खोली आहे, दार लावता येतं, पंख्याखाली टेबल आहे. त्यांनी काय केलं ते मी सिद्ध करू शकलो नाही. कॅमेऱ्यालाही ते दिसलं नाही.

हा फक्त माझ्या गावचा अनुभव नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात २०२१ मध्ये ३० विद्यार्थ्यांना अशाच एका सॉफ्टवेअरखाली बसवलं. त्यांतल्या सहा जणांना मुद्दाम कॉपी करायला सांगितलं होतं. सॉफ्टवेअरने सहापैकी एकावरही संशय घेतला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात प्रॉक्टरयू या अमेरिकी कंपनीने केवळ एआयवर चालणारी देखरेख विकणं बंद केलं. खुणा झालेल्या परीक्षांपैकी सुमारे ११ टक्केच संस्था तपासून बघतात, असं तिनेच सांगितलं. बाकीच्या खुणा तशाच पडून राहतात. माझ्या विद्यार्थिनीची खूणही तशीच पडून राहिली असती.

चेहरा ओळखण्याचंही तसंच. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या बाजारातल्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्का होती, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. तेव्हापासून सुधारणा झाल्या असतील, पण उन्हाकडे पाठ करून ओसरीत बसलेल्या सावळ्या मुलीवर त्या तपासून पाहिल्याशिवाय कुणी ‘अशक्य’ हा शब्द वापरू नये.

परीक्षेला उजेड, शांतता, टेबल आणि अखंड वीज लागते. ही व्यवस्था करणं विद्यापीठाचं काम आहे. घरून परीक्षा घेतली की ते काम गुपचूप विद्यार्थ्याच्या आईबापावर जातं, आणि ज्यांना ते जमत नाही त्यांचं मूल संशयित ठरतं. माझा सगळ्यात मोठा आक्षेप हा आहे.

खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मी नाकारत नाही. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि तालुका तुटतो. मेळघाटातल्या पाड्यावरून तालुक्याला यायचं म्हणजे दिवस जातो, मजुरी बुडते. पण यावर उपाय म्हणजे केंद्र जवळ आणणं. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचे अभ्यासक्रम आयआयटी घरबसल्या शिकवतात, पण प्रमाणपत्राची परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. शिकणं घरी, परीक्षा खोलीत, ही पद्धत देशात चालू आहेच.

राहिलं ‘लपवायचं नाही तर का घाबरावं’. पेपरआधी खोली चारही बाजूंनी फिरवून दाखवायला लावतात. एका खोलीच्या घरात म्हणजे आजारी आजोबांची खाट, दोरीवरचे कपडे, चुलीपाशी बसलेली आई, सगळं एका अनोळखी सर्व्हरवर. अमेरिकेत क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाच्या प्रकरणात २०२२ मध्ये न्यायालयाने घराची अशी झडती घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला आहे. आपलं घर दाखवायला संकोचणाऱ्या मुलीला ‘काहीतरी लपवतेस’ म्हणणं मला तरी शोभणार नाही.

ऑनलाइन परीक्षेला माझा विरोध नाही. पेपर संगणकावर असू द्या, खोली महाविद्यालयाची किंवा जिल्हा परिषद शाळेची असू द्या. प्रश्नपत्रिका आधीच केंद्रातल्या सर्व्हरवर उतरवून ठेवली, तर मधे नेट गेलं तरी पेपर थांबत नाही. उत्तरं नंतर वर जातात. त्या मुलीची चाचणी आम्ही पुढच्या आठवड्यात महाविद्यालयाच्या संगणक कक्षात पुन्हा घेतली. मी स्वतः पर्यवेक्षक होतो. तिने वेळेआधी वीस मिनिटं पेपर संपवला.

त्या कक्षात संगणक आहेत, टेबलं आहेत, दोन पर्यवेक्षक मिळतील. लाइट गेली तर दोन तास काढेल असा इन्व्हर्टर नाही. त्यासाठीचा अर्ज मी प्राचार्यांकडे दिला आहे, आणि ग्रुपवर हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या सहकाऱ्यांनीही आपापल्या महाविद्यालयात तसाच अर्ज द्यावा.