थायरॉईडच्या ऑपरेशनने माणूस मुका होतो म्हणे!

आमच्या आत्याचं थायरॉईडचं ऑपरेशन बुधवारी आहे आणि नेमका आत्ताच फॅमिली ग्रुपवर तो दर दोन महिन्यांनी उगवणारा मेसेज पडलाय. "आवाजाची एकच नस असते, ती थायरॉईडच्या आतून जाते, ऑपरेशनमध्ये कापावीच लागते, माणूस कायमचा मुका होतो. त्यापेक्षा हळद-मिठाच्या गुळण्या करा, नस मोकळी होते." आत्या भजनी मंडळात गाते, कालपासून नीट जेवलेली नाहीये. मी मेडिकलच्या पोरांना ॲनाटॉमी शिकवते, म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

एकच नस? नाही हो. आणि नस म्हणजे शीर की नर्व्ह (मज्जातंतू), तेवढं तरी सांगायचं. मेंदूतून खाली येणाऱ्या वेगस नर्व्हच्या दोन फांद्या स्वरयंत्राला जातात, वरची सुपीरियर लॅरिंजियल आणि खालची रिकरंट, त्याही डावीउजवीकडे, म्हणजे चार झाल्या. रिकरंटचा प्रवास तर अजबच, डावी पार छातीत उतरून महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि परत वर, उजवी मात्र गळ्याच्या बुडाशीच सबक्लेवियन धमनीखालून वळून मोकळी होते. म्हणून तर आवाज बसला की दोष घशातच असतो असं नाही, फुफ्फुसातली गाठ किंवा हृदयाचा फुगलेला डावा कप्पासुद्धा डाव्या नर्व्हला दाबू शकतो, ऑर्टनर नावाच्या डॉक्टरने हृदयाचं हे 1897 मध्येच लिहून ठेवलंय.

"थायरॉईडच्या आतून." आतून नाही, मागून. डिसेक्शनला, म्हणजे मृतदेहावर शिकताना, थायरॉईडचा लोब (एका बाजूचा भाग) पुढे उचलून धरला की श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधल्या खाचेत रिकरंट दिसते, पांढरट, जाड दोऱ्यासारखी, नवीन पोरं हमखास तिला रक्तवाहिनी समजतात. शेवटी शेवटी ग्रंथीला अगदी खेटून जाते, त्यामुळे धोका आहेच, तो नाकारत नाही. पण कापावीच लागते हे खोटं, कॅन्सरने वेढली असेल तर गोष्ट वेगळी, एरवी सर्जन आधी ती शोधतो आणि मग ग्रंथी सोडवतो. अनुभवी हातात कायमची इजा साधारण 100 मध्ये 1-2 जणांना, तात्पुरता घोगरेपणा त्याहून जास्त जणांना येतो आणि बहुतेकांचा जातो.

आणि मुका? एका बाजूची रिकरंट गेली तर आवाज घोगरा होतो, हवा निसटल्यासारखा येतो, बोलून दम लागतो. दोन्ही बाजूंच्या गेल्या तर स्वरयंत्रातल्या पट्ट्या मध्येच जवळजवळ अडकून राहतात, तेव्हा आवाज बऱ्यापैकी असतो पण श्वास अडकतो! म्हणजे भीती घालायचीच होती तर ती तरी बरोबर घालायची.

आत्याने खरं विचारायला हवं ते मेसेजमध्ये नाहीच. सुपीरियरची बाहेरची फांदी स्वरयंत्राच्या फक्त एकाच स्नायूला जाते, क्रिकोथायरॉईड, जो पट्ट्या ताणून सूर वर नेतो. ही थायरॉईडच्या वरच्या टोकाच्या धमनीला बिलगून असते. तिला धक्का बसला तर बोलणं ठीकठाक वाटतं, पण तार सप्तकात आवाज पोचत नाही. तेव्हा सर्जनला सरळ सांग, मी गाते, वरच्या टोकाला जपा, आणि आधी दुर्बिणीने पट्ट्या बघून घ्या.

राहिल्या गुळण्या. गुळणीचं पाणी पट्ट्यांपर्यंत जातच नाही. चुकून गेलंच तर सुपीरियरची आतली फांदी असा ठसका लावते की डोळ्यांतून पाणी येतं, ती तिथे त्याच कामाला बसलीय.