टेस्लाचा मनोरा मीटरपायी पडला नाही

वीजदर वाढले की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. विजेचा संशोधक निकोला टेस्ला याने जगाला फुकट, बिनतारी वीज देणारा मनोरा बांधला होता म्हणे, "याला मीटर कुठे बसवायचा?" असं विचारून धनाढ्य अमेरिकन बँकर मॉर्गनने पैसे थांबवले, मनोरा पाडला आणि सरकारने कागद गडप केले. टेस्लाबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच ही भाकडकथा खोडून काढतोय.

आधी 'फुकट'चं बघू. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, वॉर्डनक्लिफला, १९०१ मध्ये काम सुरू झालं. मनोऱ्याशेजारच्या विटांच्या प्रयोगशाळेचा फोटो नीट पाहा: छपराच्या मधोमध धुराडं दिसेल. आत बॉयलर होते, जनित्र होतं. मनोरा वीज पाठवणार होता, तयार करणार नव्हता. शिवाय टेस्लाने त्याचं पेटंटही घेतलं.

मीटरचं ते वाक्य मॉर्गनच्या पत्रांत नाही. त्याने दीड लाख डॉलर दिले ते अटलांटिकपार बिनतारी संदेश पाठवण्यासाठी, आणि डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनीने कितीतरी साध्या साधनांनी तिथे बाजी मारली. वीज पाठवण्याचा बेत टेस्लाने जुलै १९०३ च्या पत्रात मोकळेपणाने मांडला. आधी सांगितलं असतं तर तुम्ही मला ऑफिसातून हाकललं असतं, हेही त्यानेच लिहिलं. मॉर्गनने थोडक्यात कळवलं: सध्या आणखी पैसे देण्याची इच्छा नाही.

मनोरा पाडला १९१७ मध्ये. टेस्ला ज्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात राहायचा, तिथलं बिल थकलं होतं आणि त्यापोटी जागा हॉटेलकडे गेली होती. मॉर्गन १९१३ मध्येच वारला होता.

टेस्ला वारल्यावर १९४३ मध्ये त्याचे कागद अमेरिकी सरकारने ताब्यात घेतले, हे खरं. पण पुढे ते बेलग्रेडच्या संग्रहालयात पोचले. मनोऱ्याआधी टेस्लाने अमेरिकेतल्या कोलोरॅडोत केलेल्या प्रयोगांची टिपणं १९७८ मध्ये छापूनही आली. तिथून चाळीस किलोमीटरवर बिनतारी दिवे पेटवल्याची जी गोष्ट सांगतात, तिची नोंद त्यांत नाही.

खरी अडचण विज्ञानाचीच होती. पृथ्वीलाच तारेसारखं वापरून वीज कुठेही उचलता येईल, हा टेस्लाचा विश्वास. पण दिशा न देता सोडलेली ऊर्जा चहूकडे पसरून विरते. आपला फोन वायरलेस चार्जरवरून दोन बोटं वर उचला, चार्जिंग तिथेच थांबतं. लांब पाठवायची तर झोत बांधावा लागतो. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात गोल्डस्टोनला तसं करून दाखवलं: २६ मीटर व्यासाच्या अँटेनातून सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) सोडल्या आणि दीड किलोमीटरवर ३० किलोवॉटहून अधिक वीज मिळवली. समोर लहरी झेलणाऱ्या फलकावर तेव्हा दिवे लखलखले होते.