सही केली म्हणून दाराला कुलूप लावता येत नाही

सध्या गोव्यातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. वर "हॉरर हाऊसला जाण्याआधी वाचा, एका नामांकित वकिलाचा सल्ला", खाली पाच मुद्दे आणि शेवटी नेहमीचं "जास्तीत जास्त लोकांना पाठवा". नामांकित वकिलाचं नाव मात्र कुठेच नाही. मला तो ताईने पाठवला. तिच्या 17 वर्षांच्या लेकीला मैत्रिणींबरोबर किनाऱ्याकडच्या एका 'एक्स्ट्रीम' भूतबंगल्यात जायचंय आणि "काही झालं तर आयोजक जबाबदार नाहीत" अशा फॉर्मवर पालकाची सही हवी आहे. "सही केल्यावर म्हणे काहीच करता येत नाही, खरं काय गं?" असं ताई विचारते. भाचीचं एकच पालुपद: "मावशी, सगळ्यांच्या घरून सही मिळाली!"

मी वकील नाही. म्हापशाला कोर्टाबाहेर टायपिंगचं टेबल मांडून बसते. दिवसभर करारनामे आणि प्रतिज्ञापत्रंच हाताखालून जातात, त्यामुळे असलं काही वाचलं की डोकं फिरतं.

मजकुरातले मुद्दे असे. फॉर्मवर सही झाली की कोर्टात जाता येत नाही. फॉर्म स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला असला तर तो कोर्टाच्या हुकमाइतकाच पक्का. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची सही पुरते. आत मारलं, बांधलं, मधूनच बाहेर सोडलं नाही तरी गुन्हा नाही, कारण संमती दिलेली असते. आणि अमेरिकेत तर 40 पानांचा फॉर्म भरून घेतात, तिथेही कुणी काही करू शकत नाही.

नोटरीचं आधी उरकते. सही याच माणसाने माझ्यासमोर केली, एवढंच नोटरी सांगतो. आत लिहिलंय ते कायद्याला धरून आहे, असं तो सांगत नाही. सूर्य पश्चिमेला उगवतो असं प्रतिज्ञापत्र कुणी आणलं तर तेही शिक्क्यासकट तयार होईल. सूर्य आपला उगवायचा तिथेच उगवेल.

आता कोर्टाचं. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. आपला हक्क कोर्टात मागायला पूर्ण बंदी घालणारी अट त्याच्या 28 व्या कलमाने तेवढ्यापुरती रद्दबातल ठरते. "मी कधीही दावा लावणार नाही" हे वाक्य फॉर्मवर ठळक छापलं काय आणि बारीक छापलं काय, सारखंच. पण कलमं सांगून लोकांना पटत नाही, म्हणून एक निवाडा सांगते. 1998 साली दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एक गृहस्थ आले आणि त्यांनी मारुती झेनची किल्ली गाडी लावणाऱ्या माणसाकडे दिली. हातात चिठ्ठी मिळाली. तिच्यावर छापलेलं की गाडी मालकाच्या जबाबदारीवर, चोरी झाली तर हॉटेल जबाबदार नाही. गाडी चोरीला गेली. प्रकरण ग्राहक आयोगातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढलं आणि नोव्हेंबर 2019 मध्ये निकाल आला: स्वतःच्या किंवा नोकरांच्या हलगर्जीपणाची जबाबदारी हॉटेलला असल्या चिठ्ठीने झटकता येणार नाही. आणि हलगर्जी झाली नाही, हे हॉटेलनेच दाखवायचं.

वकील मंडळी म्हणतील, तो निवाडा ताब्यात दिलेल्या वस्तूचा, माणसाचा नव्हे. मान्य. पण मारुती झेनसाठी जी चिठ्ठी चालली नाही ती पोरीच्या मानेसाठी चालेल असं ज्याला वाटतं, त्याने न्यायाधीशासमोर उभं राहून ते म्हणून दाखवावं.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करायला हवी. सज्ञान माणसाची सही अगदीच कवडीमोल नसते. भुताने समोर उडी मारली, तुम्ही दचकलात, पळालात आणि पडलात, तर भरपाई मिळेलच असं नाही. कॅलिफोर्नियात सान डिएगोच्या 'द हॉन्टेड ट्रेल'मध्ये असंच झालं होतं. आता संपलं असं वाटायला लावून मागून चेनसॉ म्हणजे यंत्राची करवत घेतलेला नट धावून आला, गिऱ्हाईक पळालं, पडलं आणि मनगट दुखावलं. 2015 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने आयोजकांच्या बाजूने निकाल दिला. घाबरणं आणि घाबरून पळणं हाच त्या खेळाचा गाभा आहे, असं कोर्टाचं म्हणणं. मलाही ते पटतं. भीतीचे पैसे मोजून भीतीबद्दल तक्रार कसली? (आमच्या गावचा राखणदार भूत, देवचार, वाट चुकलेल्याला फुकटात घरी पोचवतो म्हणतात, पण त्याला कोण विचारतं आता!) फरक एवढाच की भीती वेगळी आणि सडकी फळी, उघडी वायर, बंद दार वेगळं. पहिली तुम्ही विकत घेता. बाकीच्यांचे पैसे तुम्ही दिलेले नसतात.

आणि आता तो चौथा मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले. मधूनच बाहेर सोडलं नाही तरी गुन्हा नाही! हे ज्याने लिहिलं त्याला कुणीतरी पाच मिनिटं काळोख्या खोलीत कोंडून ठेवायला हवं.

जुन्या दंड संहितेच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिचं 25 वं कलम संमतीबद्दल आहे. जीव घेण्याचा किंवा जबर दुखापत करण्याचा हेतू नसेल, तसं होण्याची शक्यता करणाऱ्याला माहीत नसेल आणि समोरच्या 18 वर्षांवरच्या माणसाने ती इजा सोसायला संमती दिलेली असेल, तर गुन्हा होत नाही. कायद्यात उदाहरण दिलंय ते मौजेखातर तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचं. म्हणजे संमतीला आधीच कुंपण आहे. 28 वं कलम तर सरळ सांगतं की भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती, आणि समोरच्याला ते ठाऊक असताना, ही संमतीच नव्हे. तिकीटखिडकीवर हसत हसत केलेली सही दारातून आत जाण्यापुरती. आत गेल्यावर पोरगी रडत "मला बाहेर सोडा" म्हणाली, की त्या क्षणापासून ती संमती नाही म्हणतेय. त्यानंतर तिला धरून ठेवणं, बांधून ठेवणं, दार लावून घेणं हे गैरपणे कोंडून ठेवणं झालं आणि त्यासाठी 127 वं कलम आहे. माणूस जीवाला मुकला तर 106 वं, हलगर्जीपणाने मृत्यू, 5 वर्षांपर्यंत शिक्षा. गुन्हा झाला की नाही हे फॉर्म नव्हे, कायदा ठरवतो. फॉर्ममधल्या दोन पक्षांना आपसात कागद करून फौजदारी कायदा बाजूला ठेवता येत नाही.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर पेडण्याकडे बघा. जानेवारी 2025 मध्ये केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक तरुण पर्यटक आणि तिचा पायलट, दोघंही गेले. पोलिसांनी कंपनीच्या मालकावर गुन्हा नोंदवला. आणि बाहेर पडायला धड वाट नसली की काय होतं हे उत्तर गोव्यातल्या हडफड्याने दाखवलंय. 6 डिसेंबर 2025 च्या मध्यरात्री तिथल्या नाईटक्लबला आग लागली आणि 25 जण गेले, बहुतेक तिथेच काम करणारे. भूतबंगला तर मुद्दाम काळोखाचा, मुद्दाम चकव्याचा, वर धुराचं मशीन. खरा धूर कुठला आणि मशीनचा कुठला हे आतल्याला कळणार कसं? न्यू जर्सीच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचरमध्ये 11 मे 1984 रोजी 'हॉन्टेड कॅसल' जळाला, 8 किशोरवयीन मुलं मेली. ट्रेलर एकमेकांना जोडून केलेलं ते बांधकाम, पाण्याचे फवारे नव्हतेच. फौजदारी खटल्यातून कंपनी सुटली, हेही सांगायला हवं. त्याने मुलं परत आली नाहीत.

म्हणून फॉर्मची पानं मोजण्यापेक्षा, मध्येच थांबायचं असेल तर काय म्हणायचं, बाहेरचं दार कुठे आहे आणि ते आतून उघडतं का, अग्निशमन दलाचा दाखला आहे का, एवढं तिकीटखिडकीवर विचारा.

पालकाच्या सहीचं थोडक्यात. अल्पवयीनाचा करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सर्वात वरच्या कोर्टाने, 1903 सालीच मोहरी बीबी खटल्यात सांगून ठेवलंय. न्याय संहितेचं वरचं 25 वं कलम 18 वर्षांवरच्यांचं, म्हणजे 17 वर्षांच्या पोरीची संमती तिथे बसत नाही. त्याच संहितेतलं पालकाच्या संमतीचं कलम 12 वर्षांखालच्यांसाठी आहे आणि तेही मुलाच्या भल्यासाठी सद्भावाने केलेल्या कृत्यापुरतं. पैसे घेऊन घाबरवणं त्यात कसं बसवायचं ते नामांकित वकिलांनीच सांगावं. ताईला मी म्हटलं, तुझ्या सहीने तुझी लेक मोठी होत नाही.

राहिली अमेरिका. तो 40 पानांचा फॉर्म टेनेसी राज्यातल्या मॅकॅमी मॅनर या भूतबंगल्याचा. "कुणी काही करू शकत नाही" म्हणता, तर ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच राज्याच्या ॲटर्नी जनरलने, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलाने, त्यांची चौकशी सुरू केली. फॉर्म आधी वाचायला का देत नाही आणि थांबायचं म्हटलं तर थांबवता का, हेच प्रश्न त्यात होते. आणि कॅलिफोर्नियात एका शहराच्या शिबिरात 14 वर्षांची मुलगी बुडाली, तिच्या आईने फॉर्मवर सही केलेली होती. 2007 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घोर निष्काळजीपणाची जबाबदारी आगाऊ माफ करून घेता येत नाही.

ज्यांनी आधीच सही करून ठेवलीय त्यांनी घाबरू नये. फॉर्मचा फोटो काढून ठेवा, तिकीट टाकू नका, लागलं असेल तर डॉक्टरकडून लेखी घ्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार' अशी वेगळी व्याख्याच आहे. तशा कराराविरुद्धची तक्रार राज्य आयोगाकडे जाते, सेवेतल्या हलगर्जीपणाची जिल्हा आयोगाकडे. मुदत 2 वर्षं. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही, वकीलही द्यावाच लागतो असं नाही. अर्ज टाईप करून हवा असेल तर टायपिंगची टेबलं कोर्टाबाहेरच आहेत.