टबाचं बूच

लेकीने आमच्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला मुंबईतल्या एका जुन्या, बड्या, समुद्राकडे तोंड करून बसलेल्या हॉटेलात दोन रात्रींची सोय केली. मी ते ताजच समजलो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये कुर्डुवाडी येईपर्यंत हिला ऐकवत होतो: जमशेटजी टाटांनी ते १९०३ साली उघडलं, गेटवे ऑफ इंडिया पुरा झाला १९२४ ला, म्हणजे हॉटेल गेटवेहून एकवीस वर्षांनी थोरलं. सकाळी टॅक्सीत कळलं, आपलं हॉटेल दुसरंच आहे.

"म्हणजे मी उगाच जागले," ही म्हणाली.

दारात फेटेवाल्या दरवानाने माझ्या हातातली पिशवी घेतली. आत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरीचा चुरा होईल म्हणून मी सोडेना, तो सेवा सोडेना. शेवटी पिशवी दोघांनी मिळून आत नेली.

खोलीचं काय सांगू, खोलीसारखी खोली. पण न्हाणीघरात पांढराशुभ्र टब होता, आणि तिथे माझं बिनसलं.

सोलापुरात आमच्या भागात नळाला पाणी चार दिवसांआड. उजनी ११७ टीएमसीचं धरण, पण ते शंभर किलोमीटरवर. आमच्या वाट्याला येतो तो ड्रम, पिंप, कळशी आणि शेवटी तांब्या. पाण्याचा दिवस बघून आम्ही पाहुण्यांना बोलावतो. शिवाय सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तळं खणवलं ते गाव आमचं. साठवण रक्तातच आहे. तेव्हा नळ दिसला, धो धो आला, भांडं रिकामं होतं. मी भरून टाकलं. दीड-दोनशे लिटर तरी असेल.

भरल्यावर कळेना पुढे काय. त्यात बसावं तर एवढं पाणी एका माणसाने खराब करायचं? तांब्या शोधला, नव्हता. मग बर्फाची बादली घेतली आणि टबाबाहेर उभा राहून, टबातलं पाणी काटकसरीने घेत, अंघोळ केली. फरशीवर समुद्र.

"काय करायलात ओ आत एवढा वेळ?"

"टॉवेल बघतोय," मी म्हणालो. खोटं नव्हतं. बत्तीस वर्षं टेरी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिले आहेत. टॉवेल हातात आला की अंग पुसायच्या आधी मी तो तोलतो. चिमटीत धरून काठ ओढला, उलटा करून लूप पाहिले. सहाशे जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला सहाशे ग्रॅम, भरेल. सोलापूरच्या चादरीसारखं टॉवेललाही जीआय मानांकन आहे, तेव्हा लेबलावर आपलं गाव शोधलं. नव्हतं. अपमान झाल्यासारखा पुसला. ही बाहेरूनच ओरडली, "पिशवीत घालू नका!"

संध्याकाळी फिरून आलो तर टब कोरडा. खोली आवरणाऱ्या पोराने बूच काढलं होतं. मी त्याला विचारलं, पाणी कुठं गेलं? तो गोंधळून म्हणाला, "सर, सकाळचं होतं ना." इथे मात्र मला बोलता येईना. कारण नवं पाणी आलं की कालपर्यंत जपलेलं पाणी 'शिळं' म्हणून पायऱ्यांवर ओतणारेही आम्हीच. मी फक्त म्हटलं, "झाडाला तरी घालायचंस."

रात्री तीन वाजता फोन वाजला. शेजारच्या अक्का. "पाणी आलंय, तुमच्या मोटारीचं बटण कुठाय?" ही झोपेतच ताडकन उठली, मी चष्मा न लावताच धावलो, कुणी कुणाला काही विचारलं नाही. नळ पूर्ण सोडून मी काठावर बसलो. निम्मा टब भरल्यावर लक्षात आलं की आपण मुंबईत आहोत. अक्कांना बटणाचं सांगायचं तोवर राहूनच गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी हिशेब करताना काउंटरवरच्या मुलीने गोड विचारलं, "मिनीबारमधलं काही घेतलं का, सर?"

"काही नाही," मी म्हणालो. "उलट टब भरून ठेवलाय. झाकलाय टॉवेलनं. पुढच्या माणसाला होईल."